यादी रोज होते, कामं का होत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: "सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, माग आणि कामगार बघतात. बिलं, जीएसटी, कोटेशन आणि वसुली माझ्याकडे. रोज सकाळी यादी करतो, रात्री निम्मी तशीच असते. रिटर्न दर महिन्याला शेवटच्या रात्री भरतो आणि वसुलीचे फोन आठवडेच्या आठवडे राहतात. वेळेचं नियोजन कसं करू? हा आळस कसा घालवू?"

घरच्या कारखान्यात बहुतेक ठिकाणी एक गोष्ट दिसते. गाडी भरायची असली की ती वेळेवर भरली जाते. सूत संपत आलं की व्यापाऱ्याला लगेच फोन जातो. माग बंद पडला तर माणूस ताटावरून उठतो. तुमच्याकडेही तसंच असेल, तर वेळ नाही हे खरं नाही आणि तुम्ही आळशी आहात हेही खरं नाही. राहतात ती ठरावीक कामं. ज्यात कुणाकडे पैसे मागायचे असतात, ज्यात आपली चूक निघेल अशी धास्ती असते, किंवा ज्याला हात कुठून घालायचा तेच कळत नाही, अशी.

टाळाटाळीवर अनेक वर्षं काम करणारे फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं. काम पुढे ढकलण्यामागे घड्याळाचा हिशेब चुकणं हे कारण कमी असतं. त्या क्षणी मनात येणारी नकोशी भावना दूर सारायची असते, हे कारण मोठं. वसुलीचा फोन उद्यावर टाकला की लगेच हलकं वाटतं. ते हलकं वाटणं हेच बक्षीस ठरतं आणि पुढच्या वेळी हात आणखी लवकर मागे येतो. म्हणून नवी डायरी, नवं अ‍ॅप, पहाटे पाचला उठायचा संकल्प, यांनी चार दिवस बरं वाटतं आणि फोन मात्र राहतोच. आधी कामाची सुरुवात सोपी करायची, वेळापत्रक त्यानंतर. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं.

सुरुवात तुमच्या यादीपासून करा. त्यात बहुधा 'जीएसटी', 'वसुली', 'पुण्याचं कोटेशन' असं लिहिलेलं असतं. ही कामं नाहीत, कामांच्या ढिगांची नावं आहेत. प्रत्येक ओळ अशी लिहा की ती वाचून दुसऱ्या माणसालाही लगेच सुरुवात करता यावी. एक क्रियापद, एक वस्तू, आणि जास्तीत जास्त २५ मिनिटांत संपेल एवढाच तुकडा.

कोटेशनचंच घ्या. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने ३० बाय ६० इंची पांढऱ्या टॉवेलचा भाव मागितला आहे आणि तुम्ही चार दिवस ते टाळताय. का टाळताय ते शोधलं तर बहुतेक वेळा एकच गाठ सापडते: सुताचा आजचा दर माहीत नाही, आणि चुकीचा भाव गेला तर ऑर्डर तोट्यात जाईल ही भीती. मग यादीत 'कोटेशन' लिहू नका. 'सूतवाल्याला फोन करून आजचा किलोचा दर विचारणे' असं लिहा. तीन मिनिटांचं काम आहे. तो दर येईपर्यंत दुसरी ओळ: 'वजन काढणे'. ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) धरला तर त्या मापाचा एक नग साधारण ५२० ग्रॅम भरतो, म्हणजे डझनाला सव्वासहा किलो. त्यावर तुमची नेहमीची घट, विणाई, ब्लिचिंग, शिलाई, पॅकिंग आणि भाडं चढवा. तिसरी ओळ: 'जुन्या कोटेशनच्या फाइलमध्ये नवे आकडे भरून पाठवणे'. चार दिवस मनात घोळत असलेलं काम तीन ओळींत आणि पाऊण तासात बसतं. ओळ लिहूनही हात जात नसेल तर ती अजून मोठी आहे असं समजा आणि पुन्हा तोडा. 'फाइल उघडून तारीख बदलणे' एवढी लहान झाली तरी चालेल.

रोजच्या यादीत अशा सहापेक्षा जास्त ओळी नकोत. बाकी सगळं मागच्या पानावर. पंधरा ओळींच्या यादीचं नुकसान असं की माणूस त्यातल्या सोप्या नऊ उरकतो, आपण बरंच केलं असं त्याला वाटतं आणि अवघड सहा रोज पुढच्या पानावर उतरत राहतात. तीन दिवस सलग पुढे सरकलेल्या ओळीवर लाल खूण करा. चौथ्या दिवशी त्या ओळीचं काहीतरी करायचंच: तोडायची, दुसऱ्याला द्यायची, किंवा करणार नाही असं ठरवून खोडायची. पाचव्यांदा जशीच्या तशी उतरवायची नाही.

आता अंदाजाबद्दल. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. 'सगळं बिघडलं तर किती?' याला उत्तर होतं ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. आपण काम मनात रंगवतो ते अडथळ्याशिवाय. वीज गेली, बिल सापडलं नाही, पाहुणे आले, हे त्या चित्रात नसतं. यावर उपाय मोजण्याचा. तीन दिवस खिशात छोटी वही ठेवा. काम सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि मध्ये कुणी थांबवलं, एवढंच लिहा. तीन दिवस पुरतात. आठवडाभर लिहायचं ठरवलं की तेच एक टाळायचं काम होऊन बसतं. सकाळी धरलेला वेळ आणि लागलेला वेळ शेजारी मांडले की तुमचा स्वतःचा गुणक मिळतो. कुणाचा दीड, कुणाचा दोन. पुढे प्रत्येक अंदाजाला त्याने गुणा.

रिटर्नकडे जरा सविस्तर बघू, कारण तिथे टाळाटाळीचं नुकसान रुपयांत मोजता येतं. दर महिन्याला भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची तारीख ११ आणि ३बी म्हणजे कर भरायच्या रिटर्नची २०. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज. पण माझ्या मते खरा घाटा याहून वेगळा आहे. सूतवाला किंवा डाईंगवाला त्याचं बिल वेळेत चढवतो तेव्हाच ते १४ तारखेला बनणाऱ्या तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, दिसतं. तुम्ही १९ तारखेच्या रात्री बसता, एक बिल दिसत नाही, व्यापाऱ्याला फोन लावता. आता त्याने लगेच चढवलं तरी त्या महिन्याची वेळ गेली. क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) पुढच्या महिन्यावर गेलं, तेवढा कर रोखीने भरावा लागला आणि खेळतं भांडवल अडकलं. तेच बिल ५ तारखेला लक्षात आलं असतं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या एका निरोपात भागलं असतं.

म्हणून रिटर्नचे तुकडे तारखांवर टाका. २ तारखेला विक्रीची बिलं नंबरच्या क्रमाने लावायची, फक्त लावायची. २० मिनिटांत कुठला नंबर गहाळ आहे, कुठल्या परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट निघाली नाही ते दिसतं. ४ तारखेला खरेदीची बिलं व्यापाऱ्याप्रमाणे वेगळी करून प्रत्येकाला निरोप: "मागच्या महिन्याची तुमची ही तीन बिलं, ११ च्या आत चढवा." ७ तारखेला विक्रीची फाइल कर सल्लागाराकडे. १५ ला २बी उघडून ताळा. १७ ला ३बी. हे पाचही तुकडे एकेका बैठकीचे आहेत आणि यातला एखादा एक दिवस घसरला तरी काही कोसळत नाही.

जानेवारीसाठी यातली ११ तारखेपर्यंतची कामं आणखी अलीकडे ओढा. डिसेंबरच्या जीएसटीआर-१ ची तारीख ११, आणि लगेच संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, दारूकाम, घरी आलेले पाहुणे, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, जायचा पोरांचा हट्ट. नेमकी १४ तारीख त्यातच येते. सोलापुरात राहणाऱ्या माणसाने त्या तीन-चार दिवसांत डोक्याचं काम धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. यात्रेच्या दिवसांवर आताच रेघ मारून ठेवा आणि ताळा यात्रा संपली की लगेच धरा. पंढरपूरच्या आषाढीचं, दिवाळीआधीच्या ऑर्डरींचंही तसंच. माहीत असलेली अडचण आयत्या वेळची म्हणून चालवून घेऊ नका.

एक धोका इथेच सांगतो. शेवटच्या रात्री बसून रिटर्न भरता येतं, हा अनुभव तुम्हाला बिघडवतो. भीतीमुळे जोर येतो आणि 'मला दबावाखालीच चांगलं जमतं' असं वाटू लागतं. पण ज्या कामाला तारीखच नाही त्याला ही भीती कधी मिळत नाही. वसुलीला तारीख नाही. मागांच्या तेलपाण्याला नाही. विम्याचे कागद, आप्पांची साखर तपासणी, नव्या गिऱ्हाईकाला भेटणं, कशालाच नाही. व्यवसाय हळूहळू खचतो तो या कामांमुळे. यांना बाहेरून तारीख लावावी लागते. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या अभ्यासात समान अंतराच्या मुदती बाहेरून घालून दिलेल्यांचं काम सर्वांत चांगलं झालं, स्वतः मुदती ठरवणाऱ्यांचं त्याखालोखाल, आणि सगळं अखेरच्या तारखेवर सोडलेल्यांचं सर्वांत वाईट. म्हणून सल्लागाराला सांगा, "७ तारखेला संध्याकाळपर्यंत फाइल आली नाही तर मला फोन करा." वसुलीचा आढावा दर शनिवारी आप्पांना दाखवायचा असं ठरवा. कुणीतरी विचारणारं असलं पाहिजे.

आता वसुली. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि त्याचं कारण साधं आहे: गिऱ्हाईक तुटेल, किंवा समोरचा काहीतरी बोलेल. त्यामुळे मनाची तयारी होण्याची वाट बघू नका, ती होत नाही. पहिलं वाक्य लिहून ठेवा आणि वाचून दाखवल्यासारखं बोला. उदाहरणार्थ: "नमस्कार शेठ, टॉवेलच्या त्या बिलाचे ४५ दिवस सोमवारी पूर्ण होतायत. पेमेंट कोणत्या तारखेला टाकताय? मी लिहून घेतो." 'जमलं तर बघा', 'घाई नाही' असली वाक्यं नकोत, ती तुम्हीच समोरच्याला दिलेली सवलत असते. तारीख मागा, लगेच उधारीच्या वहीत लिहा, आणि त्याने दिलेल्या तारखेला पुन्हा फोन करा.

४५ दिवसांच्या या वाक्याला कायद्याचा आधार आहे. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने याला धार आली. ही मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा. फेब्रुवारीच्या फोनमध्ये ही गोष्ट शांतपणे आठवण म्हणून सांगता येते. धमकी वाटता कामा नये. हातात असा मुद्दा असला की फोन उचलण्याची भीती निम्म्याने उतरते.

फोनची वेळ ठरवून टाका, सव्वाअकरा ते पावणेबारा. बाहेरगावची दुकानं तोवर उघडलेली असतात आणि सकाळची गर्दी ओसरलेली असते. रोज चारच फोन. पहिला फोन बऱ्या गिऱ्हाईकाला करा म्हणजे आवाज मोकळा होतो, दुसरा लगेच सगळ्यात अवघड माणसाला. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये चहा नको, उठणं नको. तिथेच गाडी अडते.

'कधी आणि कुठे' ठरवण्यात मोठी ताकद आहे. पीटर गोलविट्झर यांनी यावर भरपूर प्रयोग केले. नुसतं 'करीन' म्हणणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की अमुक जागी बसून अमुक करीन' असं ठरवणारे कितीतरी जास्त वेळा काम पूर्ण करतात. तुमच्यासाठी ते असं: "कामगारांचा सकाळचा चहा झाला की मी ऑफिसातल्या मागच्या टेबलावर बसून वही उघडीन." घड्याळापेक्षा रोज हमखास घडणारी घटना धरलेली बरी, कारण कारखान्यात घड्याळ पाळलं जात नाही पण चहा चुकत नाही.

दिवसाचा आकार सोलापूरच्या मानाने ठरवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात दुपारी एक ते चार ताळा करणं होत नाही, आकडे चुकतात. हे ओळखून त्या वेळात हात चालेल पण डोकं लागणार नाही असं काम ठेवा: चलनं फाइलला लावणं, स्टॉक मोजणं, पॅकिंग बघणं. विचाराचं काम सकाळी आठ ते नऊ. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची सकाळ भांडी-टाक्या भरण्यात जाते. पाण्याच्या दिवसाची सकाळ रिकामीच धरा. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून पोर्टलवरचं काम करायच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप आणि फोन चार्जिंगला लावणं ही यादीतली एक ओळच असू द्या.

आणि आठ तासांचा दिवस असेल तर नियोजन फक्त चार तासांचं करा. उरलेले चार अचानक येणाऱ्या कामांचे. माग अडणार, दलाल येणार, गाडीवाला चिठ्ठी मागणार. हे अडथळे नाहीत, हाच तुमचा व्यवसाय आहे. आठच्या आठ तास भरलेलं वेळापत्रक अकराच्या आत मोडतं आणि एकदा मोडलं की माणूस उरलेला दिवसही सोडून देतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅप बंद ठेवा असं म्हणणार नाही, तुमच्या ऑर्डरी तिथेच येतात. पण त्याला वेळा द्या: साडेदहा, दीड, साडेपाच. ठरलेल्या गिऱ्हाइकांना एकदा सांगून टाका की तातडीचं असेल तर सरळ फोन करा. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्ध्यावर सोडून दुसऱ्यात गेलं तरी लक्षाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. ताळा करताना दर पाच मिनिटांनी निरोप बघितले तर त्याच बिलावर पुन्हा पुन्हा यावं लागतं. उठावंच लागलं तर उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: 'बिल ११८ पर्यंत झालं, पुढे ११९'. परत आल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही.

घरच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक बाब म्हणजे वडिलांची हाक. ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण आधी बोलून ठेवता येतं: "आप्पा, सकाळी आठ ते नऊ मी बिलांना बसतो. तेवढ्यात काही अडलं तर तुम्ही बघा, नऊनंतर मी आहेच." एकच तास मागा. दोन मागितले तर मिळत नाहीत, मिळाले तरी टिकत नाहीत. आणि नऊला खरंच बाहेर या. तो शब्द पाळला गेला की दुसऱ्या महिन्यापासून त्या तासाला घरचेच राखण करतात.

एखादा दिवस, कधी पूर्ण आठवडा वाया जाईल. त्यानंतर काय करता याला फार महत्त्व आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांकडे बघितलं गेलं. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. स्वतःला शिव्या घालून काम सुरू होत नाही, उलट ते काम डोळ्यासमोर आलं की त्या शिव्याही आठवतात आणि ते आणखी नकोसं होतं. म्हणून वाया गेलेल्या आठवड्याची सगळी यादी नव्या दिवसावर ओतू नका. मागच्या पानावर टाका, त्यातून एकच ओळ उचला, ती दहाच्या आत करा आणि पुढे नेहमीचा दिवस चालू द्या.

हे सगळं नीट करूनही काही लोकांना जमत नाही आणि त्यात त्यांचा दोष नसतो. लहानपणापासूनच लक्ष एका जागी टिकत नसेल, वस्तू आणि तारखा सतत हरवत असतील, किंवा गेले काही आठवडे झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल, तर प्रश्न वेळेच्या नियोजनाचा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये या विभागाची ओपीडी आहे, आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हे शेवटचा उपाय म्हणून ठेवू नका.

तुम्ही सध्या दोनच गोष्टी हातात घ्या: सकाळचा एक तास आणि चार फोन. रिटर्नच्या तारखा पुढच्या महिन्याच्या २ पासून आपोआप जोडल्या जातील. सगळं एकदम सुरू केलं तर दहाव्या दिवशी काहीच उरत नाही. महिना झाल्यावर वही काढा आणि लाल खुणा बघा. एकाच प्रकारच्या ओळीवर वारंवार खूण दिसली, समजा ट्रान्सपोर्टच्या तक्रारींवर, आणि ओळी पुरेशा लहान करूनही त्या राहिल्या असतील, तर ते काम तुमच्याकडून काढा. तासाभराला एक मुलगा ठेवणं किंवा ते काम धाकट्या भावाकडे देणं हे त्या खुणांपेक्षा स्वस्त पडतं.